टेबलाखालचा रोमन: ऑस्टिन ते आशाफेनबुर्ग

टेक्सस राज्याची राजधानी असलेल्या ऑस्टिन शहराचा विमानतळ मुळात नागरी वापरासाठी बांधलेला नव्हता. १९९३ मध्ये बंद झालेल्या बर्गस्ट्रॉम या अमेरिकी हवाई दलाच्या तळाचे रूपांतर करून १९९९ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. उत्तरेला शंभर किलोमीटरच्या आसपास फोर्ट हूड ही लष्कराची अवाढव्य छावणी आहे, आणि दक्षिणेला सॅन अँटोनियो शहराभोवती लष्कराचे आणि हवाई दलाचे जुने तळ पसरले आहेत. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या चार-साडेचार दशकांत या भागातील हजारो सैनिक जर्मनी, इटली, जपान येथे राहून आले आणि परतताना त्यांच्या पेट्यांमधून चिनी मातीची भांडी, घड्याळे, चित्रे, लाकडी कोरीवकाम असे बरेच काही टेक्ससमध्ये पोहोचले. त्या पिढीतील माणसे वृद्धापकाळाने जाऊ लागली, तेव्हा मुलांनी घरे रिकामी करायला काढली. घरातले सामान घरातच मांडून दोन-तीन दिवसांत विकून टाकण्याच्या पद्धतीला तेथे ‘इस्टेट सेल’ म्हणतात. तिच्यात जे विकले जात नाही आणि ज्याची घरच्यांनाही पुरेशी ओळख उरलेली नसते, ते बहुधा गाडीत भरून जवळच्या थ्रिफ्ट स्टोअरच्या मागील दाराशी नेऊन ठेवले जाते. मध्य टेक्ससमधील थ्रिफ्ट स्टोअरांत युरोपीय वस्तू का आढळतात, याचे निदान अर्धे उत्तर या लष्करी भूगोलात आहे.

थ्रिफ्ट स्टोअर म्हणजे लोकांनी विनामूल्य दिलेल्या वापरलेल्या वस्तू स्वस्तात विकून त्या पैशावर एखादे समाजकार्य चालवणारे दुकान. खासगी मालकीची अशी दुकानेही असतात, पण अमेरिकेत हे नाव घेताच प्रथम आठवते ती ‘गुडविल’ ही संस्था. एडगर जेम्स हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने १९०२ मध्ये बॉस्टन शहरात तिचा पाया घातला. श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा करायचे, गरीब स्थलांतरितांना ते दुरुस्त करण्याचे काम आणि मजुरी द्यायची, आणि तयार झालेला माल त्यांच्यासारख्याच ग्राहकांना परवडेल अशा किमतीत विकायचा, अशी त्याची योजना होती. भिकेऐवजी रोजगार हे सूत्र आजही कायम असून दुकानांचे उत्पन्न मुख्यतः नोकरी मिळवण्यात अडचण येणाऱ्या लोकांच्या प्रशिक्षणावर खर्च होते. वस्तू देणाऱ्याला पावती मिळते आणि ती आयकरात सवलतीसाठी वापरता येते, त्यामुळे दानाचा ओघ आटत नाही. ऑस्टिनसारख्या विद्यापीठाच्या गावात मे महिन्यात सत्र संपले की या ओघाला पूर येतो. शिक्षणासाठी किंवा संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी तेथे गेलेल्या अनेक मराठी तरुणांच्या पहिल्या घरातले टेबल, दिवा आणि कुकरशेजारची कढई याच पुरातून आलेली असते.

या दुकानांची आतली व्यवस्था समजून घेतल्याशिवाय त्यांत मौल्यवान वस्तू कशी सापडते हे कळत नाही. मागील दाराने आलेले सामान कर्मचारी प्रकारवारीने वेगळे करतात आणि त्यावर किमतीची चिठ्ठी लावतात. चिठ्ठीचा रंग त्या वस्तूच्या मांडणीचा आठवडा दाखवतो. ठरावीक आठवड्यांनंतर त्या रंगावर सूट जाहीर होते, आणि तरीही वस्तू खपली नाही तर ती ‘आउटलेट’ नावाच्या शेवटच्या टप्प्यावर जाते, जेथे मोठमोठ्या हौद्यांतून माल चक्क वजनावर विकला जातो. किंमत ठरवणाऱ्याच्या हाताखालून दिवसाला शेकडो वस्तू जात असल्याने तो वस्तूचा इतिहास पाहत नाही, वर्ग पाहतो: कप एवढ्याला, चौकट एवढ्याला, बागेतला पुतळा एवढ्याला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात विक्रेत्याला आपल्या मालाचा, आणि त्याहून अधिक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतील चमकेचा, नेमका अंदाज असतो. तेथील किंमत ही दोन जाणकारांमधील झटापट असते. थ्रिफ्ट स्टोअरमध्ये घासाघीस नाही आणि विक्रेत्याकडे जाणकारीही नाही, त्यामुळे ज्ञानाचा सगळा भार एकट्या ग्राहकावर पडतो. अर्थात संस्थाही आता सावध झाल्या आहेत. गुडविलचे स्वतःचे ऑनलाइन लिलावाचे संकेतस्थळ १९९९ पासून चालू असून दागिने, घड्याळे, नाममुद्रित चांदी असे ओळखू येणारे सामान दुकानाच्या फळीवर येण्यापूर्वीच तिकडे वळवले जाते. फळीवर उरते ते ओळखायला कठीण असे सामान, आणि खरी गंमतही तेथेच आहे.

जाणकार ग्राहक फळीसमोर आला की वस्तू आधी उलटी करतो. मातीच्या भांड्याच्या बुडाशी देशाचे नाव असेल तर ते बहुधा १८९१ नंतरचे समजावे, कारण १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव छापणे बंधनकारक केले. नुसते ‘इंग्लंड’ असे लिहिलेले भांडे सामान्यतः ‘मेड इन इंग्लंड’ असे लिहिलेल्या भांड्यापेक्षा जुने असते. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असेल तर काळ आणखी नेमका सांगता येतो, कारण जपानवरील दोस्त राष्ट्रांचा ताबा १९४५ ते १९५२ एवढाच होता. ब्रिटिश चांदीवर चालणाऱ्या सिंहाची मुद्रा शेकडा साडेब्याण्णव शुद्धता सांगते, तिच्याशेजारी जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची, बिबट्याचे तोंड असेल तर लंडनची, आणि सोबतचे अक्षर वर्ष सांगते, ‘ई.पी.एन.एस.’ ही चार अक्षरे मात्र ती वस्तू निकेलच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा थर चढवलेली आहे एवढेच सांगतात, आणि फळीवरची चकाकणारी बहुतेक तबके याच जातीची निघतात. दगडाच्या बाबतीत मात्र उलटे करून पाहण्यासारखे काही नसते. तेथे वजन, स्पर्शाचा थंडपणा, साच्याच्या जोडरेषेचा अभाव, छिन्नीच्या आणि गिरमिटाच्या खुणा, आणि झिजेची असमानता यांवरच विसंबावे लागते, कारण संगमरवराची पूड राळेत मिसळून ओतलेल्या नकला पहिल्या नजरेला अगदी खऱ्या वाटतात.

ऑस्टिनच्या वायव्य भागात फार वेस्ट बुलेव्हार्ड नावाच्या रस्त्यावर गुडविलचे एक दुकान आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे एका टेबलाखाली जमिनीवर एक मस्तकशिल्प ठेवलेले होते, म्हणजे डोके, मान आणि छातीचा वरचा काही भाग एवढेच दाखवणारे दगडी व्यक्तिशिल्प. गालावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर किंमत होती ३४ डॉलर ९९ सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २,४०० रुपये. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका स्थानिक महिलेने ते घेतले. सुमारे साडेतेवीस किलो वजनाचे ते शिल्प दुकानातून गाडीपर्यंत नेण्यासाठी तिला मदत घ्यावी लागली आणि गाडीच्या आसनावर पट्टा बांधून तिने ते घरी नेले. पुढील काही महिन्यांत लिलावगृहांतील तज्ज्ञांनी छायाचित्रांवरून निर्वाळा दिला की ही कुठल्या बागेसाठी केलेली नक्कल नसून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे अस्सल रोमन शिल्प आहे. सदबीज या लिलावगृहाच्या एका सल्लागाराने तर ते मूळ कोठे होते हेही शोधून काढले: जर्मनीतील आशाफेनबुर्ग गावच्या ‘पॉम्पेयानुम’ या वास्तूत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या छायाचित्रात हेच मस्तक त्या वास्तूत मांडलेले दिसत होते.

रोमन मस्तकांची ओळख पटवण्याची रीत येथे थोडी सांगायला हवी. सम्राटांची आणि त्यांच्या घराण्यातील व्यक्तींची शिल्पे रोमन साम्राज्यात एका अधिकृत नमुन्यावरून पुनःपुन्हा घडवली जात, आणि कारागीर चेहऱ्याच्या भावापेक्षा कपाळावरील केसांच्या बटांची मांडणी अधिक काटेकोरपणे उतरवत असत. कोणती बट कोठे दुभंगते आणि कोठे मिळते यावरून आजचे अभ्यासक व्यक्ती ठरवतात, आणि नाक-कान तुटलेले असले तरी ही खूण सहसा टिकलेली असते. या मस्तकाच्या बाबतीत दोन नावे पुढे आली: रोमचा सेनापती पॉम्पी याचा मुलगा सेक्स्टस, आणि सम्राट ऑगस्टसचा सावत्र मुलगा द्रुसस जर्मनिकस. सॅन अँटोनियोच्या संग्रहालयाने द्रुससचे नाव ‘संभाव्य’ या विशेषणासह स्वीकारले, आणि पुराव्याच्या मर्यादेत तेवढेच म्हणणे योग्यही होते.

मूळ ठिकाण कळल्यावर त्या वस्तूची किंमत अचानक वाढायला हवी होती, पण प्रत्यक्षात ती शून्यावर आली. बव्हेरिया राज्याने हे शिल्प कधीही विकले नव्हते किंवा कोणाला दिले नव्हते, आणि अमेरिकी कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की चोराकडे जी मालकी नाही ती तो पुढच्याला देऊ शकत नाही, मग मधल्या खरेदीदाराने कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत. अशी वस्तू लिलावात घालता येत नाही, निर्धास्तपणे घरी ठेवताही येत नाही. याउलट उदाहरण नॅशव्हिल शहराचे आहे. तेथील एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये २००६ मध्ये २ डॉलर ४८ सेंटला घेतलेला गुंडाळलेला कागद अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १८२३ मध्ये विल्यम स्टोन याच्या ताम्रपटावरून छापलेली अधिकृत प्रत निघाला. सरकारी आदेशाने छापलेल्या अशा प्रती अवघ्या २०० होत्या, आणि पुढल्या वर्षी लिलावात तिला ४,७७,६५० डॉलर मिळाले. तो कागद त्याच्या खऱ्या मालकाने घर आवरताना स्वतःहून दुकानाला दिलेला होता, म्हणून मालकी निर्वेधपणे पुढे सरकली. तिसरा प्रकार मेरीलँड राज्यातील: ४ डॉलरपेक्षा एक सेंट कमी मोजून घेतलेले फुलदाणीसारखे भांडे माया संस्कृतीतील, इसवी सन २०० ते ८०० या काळातील असल्याचे कळल्यावर खरेदी करणाऱ्या महिलेने २०२४ मध्ये ते मेक्सिकोच्या दूतावासाकडे आपण होऊन सुपूर्द केले. हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की वस्तूच्या वयापेक्षा तिच्या हस्तांतरांची साखळी, जिला संग्रहालयशास्त्रात पूर्ववृत्त म्हणतात, हीच किंमत ठरवते हे दिसून येते. आणि थ्रिफ्ट स्टोअर ही ती साखळी तोडणारी जागा आहे, कारण तेथे देणाऱ्याचे नाव वस्तूसोबत आत जात नाही. भारतीय वाचकाला यात आणखी एक फरक जाणवेल. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, जो एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला, आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखिताला, पुरावशेष मानतो. असे शिल्प बाळगणाऱ्याला त्याची नोंदणी करावी लागते, त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत खासगी मालकीच्या जुन्या वस्तूंवर असे सर्वंकष बंधन नाही, त्यामुळे तेथे प्रश्न वयाचा नसून चोरीचा असतो.

हे मस्तक टेक्ससला कसे पोहोचले याची कोणतीही कागदोपत्री नोंद नाही. आशाफेनबुर्गसाठी मार्च १९४५ च्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत कडवी लढाई झाली, गाव अमेरिकी सैन्याच्या हाती आले आणि पुढे शीतयुद्धाच्या संपूर्ण काळात तेथे अमेरिकी पलटणी राहिल्या. पॉम्पेयानुम तोवर बाँबहल्ल्यांत मोडून पडले होते. एखाद्या सैनिकाने ते उचलले असावे किंवा उचलणाऱ्याकडून विकत घेतले असावे, हा तर्क सर्वांनी केला आहे आणि तो सोडून दुसरा सहज सुचतही नाही.

वकिलामार्फत झालेल्या वाटाघाटींत ठरले की शिल्प जर्मनीला परत जाईल, पण त्याआधी काही काळ टेक्ससमध्येच लोकांना पाहायला मिळेल. ऑस्टिनहून सॅन अँटोनियो सुमारे १३० किलोमीटरवर आहे, आणि पस्तीस क्रमांकाच्या महामार्गावर वाटेत न्यू ब्राउनफेल्स हे गाव लागते. सोल्म्स-ब्राउनफेल्स घराण्यातील राजपुत्र कार्ल याने १८४५ मध्ये जर्मन वसाहतवाल्यांसाठी वसवलेले हे गाव नेमके त्याच दशकातले आहे, ज्या दशकात तिकडे आशाफेनबुर्गला पॉम्पेयानुम बांधले जात होते. सॅन अँटोनियोचे कलासंग्रहालय १९८१ पासून जुन्या लोन स्टार बिअर कारखान्याच्या विटांच्या इमारतींत आहे. नदीकाठच्या पायवाटेने चालत तेथे जाता येते, आणि ग्रीक-रोमन पुराशिल्पांचा त्याचा संग्रह अमेरिकेच्या दक्षिण भागातील उत्तम संग्रहांमध्ये गणला जातो. मे २०२२ पासून वर्षभर हे मस्तक तेथे मांडले गेले, आणि नंतर २०२३ मध्ये ते बव्हेरियाच्या राजवाडे व उद्याने सांभाळणाऱ्या शासकीय खात्याकडे परत देण्यात आले. इतर रोमन मस्तकांच्या रांगेत ते चौथऱ्यावर ठेवले गेल्यावर त्याच्याकडे बागेतला पुतळा म्हणून कोणी पाहिले असते हे खरेही वाटत नाही.

आशाफेनबुर्गला फ्रँकफुर्टहून रेल्वेने पाऊण तासाच्या आतच पोहोचता येते. स्थानकापासून थोडे चालले की माइन नदीच्या काठावर लाल वालुकाश्माचा योहानिसबुर्ग राजवाडा उभा दिसतो. माइन्झच्या आर्चबिशपांचे हे दुसरे निवासस्थान १६०५ ते १६१४ या काळात गेओर्ग रिडिंगर याने बांधले. या राजवाड्यातील बुचापासून केलेल्या वास्तूंच्या प्रतिकृती, ज्यांत कोलोसिअमपासून पँथिऑनपर्यंत रोममधील अनेक इमारती हुबेहूब उभ्या आहेत, जगातील अशा प्रकारचा सर्वांत मोठा संग्रह मानला जातो. काठाच्या उद्यानातून पुढे गेले की द्राक्षमळ्याच्या उतारावर, कड्याच्या टोकाशी, पिवळसर भिंतींचे पॉम्पेयानुम लागते.

ही वास्तू म्हणजे बव्हेरियाचा राजा लुडविग पहिला याच्या प्राचीनवेडाचे फळ होय. म्युनिकमध्ये १८३० मध्ये ग्लिप्टोथेक हे शिल्पसंग्रहालय उघडणाऱ्या या राजाला रोमन घराचे जिवंत उदाहरण हवे होते. व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातील ‘कॅस्टर आणि पोलक्स यांचे घर’ या नावाने ओळखला जाणारा वाडा १८२८-२९ मध्ये उत्खननात बाहेर आला होता. त्याच्या आराखड्यावरून वास्तुविशारद फ्रीड्रिख फॉन गेर्टनर याच्याकडून लुडविगने १८४० ते १८४८ या काळात रोमन घराची प्रतिकृती बांधवून घेतली. तेथे राहण्याचा त्याचा हेतू नव्हता. जर्मनीतील कलाप्रेमींना रोमन घर आतून कसे असते ते कळावे, एवढाच होता. मधोमध छप्पर उघडे ठेवून खाली पावसाच्या पाण्यासाठी कुंड असलेले अंगण, म्हणजे आत्रियम, त्यामागे झाडांचे छोटे अंगण, भोजनगृह, स्वयंपाकघर, आणि भिंतींवर पॉम्पेईच्या धर्तीची चित्रे, असा सगळा थाट आहे. मराठी मुलखातील चौकाच्या वाड्यात वावरलेल्या माणसाला ही रचना बुचकळ्यात पाडत नाही. काम संपण्याच्या आदल्या वर्षी गेर्टनर वारला, आणि ज्या साली काम संपले त्याच साली, १८४८ च्या क्रांतीत, लुडविगला गादी सोडावी लागली.

नकली घरात अस्सल शिल्पे मांडण्याची ही कल्पना तशी विचित्रच होती, आणि टेक्ससच्या दुकानात अस्सल शिल्प शोभेची नक्कल समजले जाणे हे त्या विचित्रपणाचे पुढचे टोक म्हणता येईल. महायुद्धातील नुकसानानंतर १९६० पासून टप्प्याटप्प्याने वास्तूची डागडुजी झाली आणि १९९४ पासून म्युनिकच्या संग्रहातील रोमन मूर्ती, भांडी, काच यांसह ती संग्रहालय म्हणून उघडली. भिंतींवरील सर्व चित्रे पुन्हा रंगवलेली नाहीत. कोठे मूळ एकोणिसाव्या शतकातला रंग, कोठे नव्याने पुरे केलेला भाग, असे दोन्ही दिसतात. वास्तू एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुली असते, हे सहल ठरवताना लक्षात ठेवावे.

मस्तक खरोखर द्रुससचे असेल, तर त्याचे आशाफेनबुर्गशी नाते लुडविगच्या हौसेपुरते उरत नाही. माइन नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन माइन्झ शहरापाशी ऱ्हाइनला मिळते, आणि तेथील रोमन लष्करी ठाणे, मोगोन्तियाकुम, इसवी सनापूर्वी १३-१२ च्या सुमारास द्रुससच्या मोहिमांसाठीच वसवले गेले होते. या ठाण्यावरून तो जर्मन टोळ्यांविरुद्ध मोहिमांवर निघे, इ.स.पू. ९ मध्ये तो एल्ब नदीपर्यंत पोहोचला आणि परतीच्या वाटेवर घोड्यावरून पडून मरण पावला, वय अवघे २९. त्याच्या अस्थी रोममध्ये ऑगस्टसच्या समाधिगृहात ठेवल्या गेल्या, पण सैनिकांनी त्याच्या स्मरणार्थ माइन्झला अस्थींशिवाय उभारलेले स्मारक, ‘द्रुससस्टाइन’, शहराच्या किल्ल्यात आजही सुमारे २० मीटर उंचीचा खडबडीत मनोरा होऊन उभे आहे. मूळ उंची याहून बरीच अधिक होती. बाहेरून बसवलेले घडीव दगड नंतरच्या शतकांत गावकऱ्यांनी काढून आपापल्या बांधकामांना वापरले, आणि आतला भराव तेवढा शिल्लक राहिला.